एकट्या माणसाला 'दे' म्हणायचं? इंग्रजी सर्वनामांची रोजची गोची

मसुदेबाज

मी सॉफ्टवेअरच्या इंग्रजी मार्गदर्शिका लिहितो. म्हणजे ज्या कुणी वाचत नाही आणि अडलं की ज्यांच्या नावानं बोटं मोडतात, त्या. टीममध्ये नवीन आलेल्या पोरापोरींना पहिल्या आठवड्यात हमखास एकाच वाक्यावर ठेच लागते: 'इफ अ यूजर फर्गेट्स देअर पासवर्ड, दे कॅन रीसेट इट.' यूजर एक, मग 'दे', म्हणजे 'ते सगळे', कसा काय? कुणी लाल रेघ मारून 'ही' करतं. कुणी समतेचा विचार करून 'ही ऑर शी' करतं आणि मग त्याच परिच्छेदात 'हिज ऑर हर', 'हिम ऑर हर', 'हिमसेल्फ ऑर हरसेल्फ' असं सगळं वऱ्हाड आणून बसवतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून भांडतात. एक, माणूस कोण हे माहीतच नाही, किंवा कुणीही चालेल: यूजर, ग्राहक, दार वाजवणारा, राँग नंबर. दोन, माणूस समोर आहे, नाव-गाव माहीत आहे आणि त्या व्यक्तीनं स्वतः सांगितलंय की मला 'ही'ही नको, 'शी'ही नको, 'दे' म्हणा. पहिल्या प्रकाराबद्दल वाद घालायचं काही कारणच नाही, इंग्रज माणूस शतकानुशतकं तसं बोलतो आहे. दुसरा प्रकार त्या मानानं नवा आहे, जिभेला वळण लावावं लागतं. व्याकरण मात्र दोन्हीकडे तेच.

तुम्ही ऑफिसात, पत्रात, बोलण्यात काय करता? अनुभव लिहा. 'इंग्रजांची थेरं' एवढाच प्रतिसाद असेल तर तो मी तुमच्या वतीनं इथेच लिहून ठेवला आहे.

खडूचा तुकडा

थेरं म्हणत नाही, पण शिक्षक म्हणून हरकत नोंदवतो. आयुष्य गेलं मुलांना कर्ता आणि सर्वनाम यांचं वचन जुळवायला शिकवण्यात. 'एव्हरीवन' एकवचनी, म्हणून पुढे 'हिज'. रेन अँड मार्टिनवर वाढलेल्या पिढ्यांना हेच ठाऊक. लिंग ठरलेलं नसेल तर पुल्लिंगी सर्वनाम घ्या, विषय संपला. स्पर्धा परीक्षांच्या कोचिंगच्या पुस्तकांत आजही हाच प्रश्न येतो आणि 'देअर' लिहिणाऱ्याचा गुण जातो. मग मी मुलांना काय सांगू? भाषा बदलली, पण गुण जातील तेवढे जाऊ देत?

जुनी_पानं

सर, परीक्षेत गुण देणारा सांगेल तेच लिहावं, त्याला इलाज नाही. पण तो नियम आला कुठून ते पाहा.

एकवचनी 'दे'चा सर्वांत जुना लेखी दाखला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी दिला आहे तो १३७५ च्या सुमाराचा, एका लांडगामाणसाच्या पद्यकथेतला. चॉसरमध्ये तो आहे, शेक्सपिअरमध्ये आहे. जेन ऑस्टिननं तर इतक्या वेळा वापरलाय की मोजणाऱ्यांनी याद्या केल्या आहेत. आणि 'ही'मध्ये सगळे आले असं व्याकरणात सांगणारी पहिली व्यक्ती म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती न्यूकॅसलची एक शिक्षिका: अ‍ॅन फिशर. तिचं व्याकरण १७४५ चं. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरीनं एकवचनी 'दे' ही चूक म्हणून दाखवली आणि त्याचं पुस्तक अफाट खपलं. म्हणजे वापर आधीचा, बंदी नंतरची, तीही साडेतीन-चारशे वर्षांनी. आपण शाळेत जे 'मूळ शुद्ध इंग्रजी' म्हणून शिकलो तो अठराव्या शतकातला दुरुस्तीचा ठराव होता.

वचनाचंच म्हणाल तर 'यू' बघा. ते मुळात अनेकवचन. एकाला 'दाऊ' म्हणायचे. मग मान म्हणून एकालाही 'यू' म्हणू लागले आणि हळूहळू 'दाऊ' प्रार्थनेत नि कवितेत उरला. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी यावरून हटून बसली होती. त्यांचा नेता जॉर्ज फॉक्स यानं १६६० मध्ये आख्खं पुस्तक काढलं, की एकाला 'यू' म्हणणं अशुद्ध आणि खुशामतीचं आहे. आज 'यू आर' एका माणसाला म्हणताना कुणाला दातात खडा आल्यासारखं वाटतं का?

पावशेर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सर, तुमच्या जागी मी असतो तर 'वन' वापरला असता. 'वन मस्ट डू वन्स ड्यूटी.' ऐकणारा पळून जातो, प्रश्नच मिटतो.

रुग्णसेवक

विनोद बाजूला ठेवून एक खरी अडचण. मी रुग्णालयात काम करतो. परदेशात उपचार पुढे चालू ठेवणाऱ्यांसाठी आम्ही इंग्रजीत सारांश लिहितो. 'द पेशंट वॉज सीन विथ द सिस्टर. दे रिपोर्टेड चेस्ट पेन.' छातीत कुणाच्या दुखलं? रुग्णाच्या, बहिणीच्या, की दोघांच्या? इथे 'सिस्टर' म्हणजे नर्स की बहीण हा आणखी वेगळा घोळ. अशा ठिकाणी 'दे' धोक्याचा आहे, तो वापरणारा कितीही पुरोगामी असो.

मसुदेबाज

रुग्णसेवक, शंभर टक्के. तिथे सर्वनामच नको, 'द पेशंट रिपोर्टेड' असं नाम पुन्हा लिहायचं. नामाची पुनरुक्ती हा गुन्हा आहे असं शाळेच्या निबंधांनी आपल्या डोक्यात भरवलंय. पण दोन पुरुष असले तरी 'ही'चा घोटाळा होतोच की. 'द डॉक्टर टोल्ड द पेशंट दॅट ही वॉज लेट.' कोण लेट?

आमच्याकडचा क्रम असा: जमलं तर वाचणाऱ्यालाच 'यू' म्हणायचं किंवा थेट आज्ञा द्यायची, 'रीसेट युअर पासवर्ड'. नाहीतर आख्खं वाक्य अनेकवचनात, 'यूजर्स हू फर्गेट देअर पासवर्ड्स'. दोन्ही जमलं नाही तर एकवचनी 'दे', आणि दोन माणसं एका वाक्यात असली तर नाम. 'ही ऑर शी' अगदी नाइलाज झाला तरच, आणि तिरकी रेघ मारलेलं 'ही-शी' कधीच नाही. मोठ्यानं वाचून बघा, जीभ अडकते.

गोदाकाठ

वकील आहे, म्हणून लांबण लावतो. आधीच माफी.

'पुल्लिंगात सगळे आले' हे फक्त शाळेतलं व्याकरण नाही, तो कायदा आहे. ब्रिटिश पार्लमेंटनं १८५० मध्ये तसं कलम केलं आणि आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम १३ आजही तेच म्हणतं: पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया येतात. आणि बरं का सर, त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की एकवचनात अनेकवचन येतं आणि अनेकवचनात एकवचन. म्हणजे कायद्याला एकट्याचे अनेक करायला हरकत नाही, हरकत आहे ती आपल्या पेपर तपासणाऱ्यांना.

आता हे 'ही'मध्ये 'शी' येते प्रकरण प्रत्यक्षात कसं चाललं ते ऐका. रेजिना गुहा या कलकत्ता विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीधर. त्यांनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये स्त्रियांना मनाई कुठेच नव्हती, सगळीकडे 'ही' होता एवढंच. आणि 'ही'मध्ये स्त्री येते असं तर सरकारच सांगत होतं. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. त्यांचं म्हणणं, संदर्भ पाहता इथे 'ही' म्हणजे पुरुषच. पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला तेच आलं. त्याच वर्षी अलाहाबादनं मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांना सनद दिली. या आमच्या नाशिकच्या, जन्म १८६६, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मग ऑक्सफर्डला. एकाच कायद्यातला एकच शब्द, गंगेच्या काठी अलाहाबादेत बाईला आत घेतो आणि खाली पाटण्यात बाहेर ठेवतो. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांना वकिली करता येईल असा स्वतंत्र कायदा करावा लागला. 'ही'मध्ये सगळे येत असते तर त्याची गरज काय होती?

अमेरिकेत सुझन अँथनी यांनी हीच गंमत आधी दाखवून दिली होती. १८७२ मध्ये त्यांनी मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली. त्यांचा सवाल असा, की कर भरताना आणि शिक्षा भोगताना 'ही'मध्ये मी येते, मग मतदानाच्या वेळीच का गळते?

आपल्याकडचं ताजं म्हणजे भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू. १८६० च्या दंड संहितेत 'ही' म्हणजे पुरुष किंवा स्त्री असं होतं. नव्या संहितेत 'ही' म्हणजे पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर. अर्थ वाढवत नेला, शब्द तोच ठेवला. ब्रिटननं २००७ पासून नवे कायदे 'ही'वर न लिहिण्याचं धोरण घेतलं आणि कॅनडाचं न्याय खातं तर कायद्याच्या मसुद्यात एकवचनी 'दे' वापरा असंच सुचवतं.

खडूचा तुकडा

गोदाकाठ, रेजिना गुहांचं प्रकरण माहीत नव्हतं. आभार. माझी हरकत व्याकरणापुरती शिल्लक आहे, ती राहू दे. एक विचारतो: 'दे इज' म्हणायचं की 'दे आर'?

मसुदेबाज

'दे आर', एक असला तरी. जसं 'यू आर'. नाव आलं की मात्र एकवचन: 'सॅम इज लेट, बट दे आर ऑन द वे.' 'देमसेल्व्ज' की 'देमसेल्फ' यावर अजून मतं आहेत. 'देमसेल्फ' हाही जुनाच शब्द, मधे मागे पडला, आता परत येतोय.

टोरांटोची माई

+१ मसुदेबाज आणि गोदाकाठ दोघांना.

इथे माझ्या टीममधले एक जण 'दे' वापरतात. पहिल्यांदा अडखळायला होतंच. पण मला वाटतं आपल्याला हे गोऱ्यांपेक्षा सोपं जावं. मी सासऱ्यांबद्दल 'ते आले, ते जेवले, ते झोपले' म्हणते. एकाच माणसाला अनेकवचन आणि त्याला अनेकवचनी क्रियापद. आजवर कुणी विचारलं नाही की सासरे किती आहेत म्हणून. इथल्या सहकाऱ्यांना 'एकाला अनेकवचन कसं' यानंच घाम फुटतो. आपण मराठीतला आदरार्थीचा मार्ग धरायचा आणि चालू लागायचं. फरक इतकाच की आपल्या 'ते' आणि 'त्या'त लिंग आहे, यांच्या 'दे'त नाही.

दुसरी क्लृप्ती, जेवताना वगैरे गप्पांत त्या व्यक्तीबद्दल दोन-तीन वाक्यं मुद्दाम बोलायची. मेल लिहून पुसता येते, बोलताना जीभ जुन्या रुळावर जाते, म्हणून सराव बोलण्याचा हवा.

पावशेर

माई, मान्य. पण माझी बायको बंगाली. त्यांच्या भाषेत तो-ती हा भेदच नाही, सगळ्यांना एकच 'शे'. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी इंग्रजीत माझ्या आईला 'ही' आणि माझ्या भावाला 'शी' म्हणते, न अडखळता. तिला 'दे' शिकवलं तर तिघांचीही सोय होईल.

अवांतर: इंग्रजांनी नवीन शब्द काढून पाहिले नाहीत का?

जुनी_पानं

भरपूर काढले. सगळ्यांत गाजलेला 'थॉन'. 'दॅट वन'चा संक्षेप. चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकिलानं १८८४ मध्ये जाहीर केला. हे गृहस्थ ख्रिस्ती भजनांना चालीही लावत. शब्द वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत गेला आणि कुणी वापरेना म्हणून १९६१ च्या आवृत्तीतून काढला. आजकाल 'झी' वगैरे वापरणारे आहेत, पण थोडे. स्वीडनमध्ये मात्र नवं सर्वनाम चाललं: 'हेन', २०१५ मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत आलं. इंग्रजीत 'दे' टिकला, कारण तो आधीच तोंडात होता.

सरांसाठी आणखी: एपी या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकानं २०१७ मध्ये मर्यादित मुभा दिली, मानसशास्त्रवाल्यांच्या एपीए शैलीनं २०१९ मध्ये तो वापराच असं म्हटलं आणि मेरियम-वेबस्टरनं त्याच वर्षी 'दे' हाच वर्षाचा शब्द ठरवला. कोचिंगचं पुस्तक कधी बदलेल ते त्या छापखान्यालाच ठाऊक.

स्लिपमधला

क्रिकेटमध्ये बघा ना. २०२१ च्या सप्टेंबरात खेळाचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं 'बॅट्समन' काढून 'बॅटर' केलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा गहजब. आता समालोचक सहज बॅटर म्हणतात आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. आपला 'फलंदाज' आधीपासूनच मोकळा, स्मृती मानधनाही फलंदाजच. 'थर्ड मॅन'चं 'थर्ड' झालं ते मात्र मला अजून पचलेलं नाही.

धुकं

एरवी फक्त वाचनमात्र, पण इथे लिहावंसं वाटलं.

ऑफिसात माझ्यासाठी 'दे' वापरलं जातं. मीच सांगितलं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर नावापुढे सर्वनाम दाखवायची सोय आल्यावर तिथेही लिहून टाकलं. लोकांना वाटतं की माझ्याशी बोलताना अडचण येत असेल. तोंडावर तर 'यू'च असतं, मग अडचण कसली? प्रश्न येतो मी खोलीत नसताना. म्हणजे हा शब्द मला बहुतेक वेळा ऐकूही येत नाही. तरी तो नीट वापरला जातोय की नाही हे मला कळतं, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून गोष्ट माझ्यापर्यंत येते तेव्हा तो शब्द तिच्याबरोबर येतो.

कुणाची जीभ घसरली तर मला राग येत नाही. त्रास होतो तो त्यानंतरच्या लांबलचक माफीचा. सगळी बैठक थांबते, सगळे माझ्याकडे बघतात आणि मग समजूत मलाच काढावी लागते. 'शी... सॉरी, दे' म्हणावं आणि पुढच्या वाक्याला लागावं. माईंनी लिहिलेला सराव खरंच उपयोगी आहे, आमच्या मॅनेजरनं तेच केलं.

घर परभणीकडचं. तिथे इंग्रजी नाही, त्यामुळे 'दे'चा काही उपयोग नाही. आईनं स्वतःहून 'आमचं लेकरू' सुरू केलं. 'लेकरू आलं, लेकरू जेवलं.' मला चालतं. शेजारच्या काकूंना प्रश्न पडतो की एवढं थोराड लेकरू कुणाचं, ते सोडा.

पावशेर

धुकं, थट्टेत घेऊ नका, खरंच विचारतोय. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एकाही क्रियापदावरून कळत नाही. मुद्दाम?

धुकं

हो. आता सवय आहे. 'मी सांगितलं', 'मी पाहिलं', 'मी येईन', 'आम्ही जातो' यांत काही कळत नाही. अडतं ते 'जातो-जाते'पाशी आणि 'गेलो-गेले'पाशी. तिथे 'मला जायचंय', 'माझं जाणं झालं' असं वळण घ्यायचं. मराठीतही पुष्कळ जागा आहे, शोधावी लागते.

कृष्णाकाठ

धुकं, आमच्याकडं या. कोल्हापूर भागात बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे दचकतात.

मी लिहितोय ते वेगळ्या कारणानं. माझं नाव शीतल. जयसिंगपूरचा. आमच्या जैन समाजात हे पुरुषाचं नाव, घरटी एखादा शीतल सापडेल. फाउंड्रीत निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. मुंबईच्या एजंटापासून जर्मनीच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे 'डिअर मिस शीतल' लिहितात. फोनवर माझा आवाज ऐकला की पलीकडं दोन सेकंद शांतता. त्याचं काही वाटत नाही, पण उलट बाजूनं मलाही तीच पंचाईत. समोरून मेल येते रॉबिनची, किमची, जॉर्डनची. बाई की बाप्या? फोटो नाही, फोन झालेला नाही. साहेब म्हणतात 'सर' लिही, बिनधोक. बिनधोक कसलं, एकदा त्या बाई निघाल्या आणि साहेबांनाच फोनवर ऐकावं लागलं.

उद्या सकाळी कोटेशन जायचंय. त्यात एक वाक्य आहे, त्यांच्या ऑफिसातल्या जॉर्डननं नग किती ते कळवतो-कळवते म्हटलंय. कसं लिहू?

मसुदेबाज

शीतलराव, 'जॉर्डन सेड दे वुड कन्फर्म द क्वांटिटी.' इतकंच. पत्र ज्यांना आहे त्यांना पूर्ण नावानं हाक मारा, 'डिअर रॉबिन' आणि पुढे आडनाव. मिस्टर, मिस, सर, मॅडम काही नको. नाव माहीत नसेल तर खात्याचं नाव, 'डिअर परचेस टीम'. लंडनच्या ट्यूबमध्ये २०१७ पासून 'लेडीज अँड जंटलमेन'ऐवजी 'गुड मॉर्निंग एव्हरीवन' म्हणतात, आपलं कोटेशन तर साधं.

खडूचा तुकडा

'दे' ऐवजी तिथे 'जॉर्डन वुड कन्फर्म' असंही चालेल ना? सर्वनाम टाळून?

मसुदेबाज

चालेल सर. 'अ‍ॅज पर जॉर्डन' तेवढं लिहू नका म्हणजे झालं, शीतलराव.

कृष्णाकाठ

तेच लिहून ठेवलं होतं. काढतो.